सांगून सोड

सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. नाशिकमधल्या आमच्या हिरावाडीत पाटाच्या रस्त्याला सायकल दुरुस्तीचं एक छोटं दुकान आहे. तिथल्या दादांनी पाना लावून उजवं पायडल सहज काढलं आणि डाव्याला मात्र उलट्या दिशेनं जोर दिला. मी टक लावून बघतेय म्हटल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं, "ताई, हे डावं उजव्यासारखं सोडायला गेलं की आणखीच आवळतं. पाय मारता मारता सैल होऊन निसटू नये, म्हणून त्याचे आटेच उलटे पाडलेले असतात." दोन्ही पायडलं त्यांनी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली, सीट पार खाली उतरवली, आणि ती बिनपायडलची लेडीबर्ड सायकल मी ढकलत घरी आणली. २०२३ चा नोव्हेंबर होता. दिवाळीची रांगोळी दारात अजून पुसट दिसत होती.

पायडलं काढायची कल्पना शेजारच्या मुलीची. ती तेव्हा अकरावीत होती. २०२० साली शाळा बंद असताना मी गल्लीतल्या पाचसहा मुलांना आमच्या गच्चीवर अंतर ठेवून बसवायचे आणि शिकवायचे, त्यातली ती एक. आठवीचं बीजगणित तिनं माझ्याकडे केलं, म्हणून अजूनही मला काकू न म्हणता बाईच म्हणते. सायकलही तिचीच, पुढे जाळीची टोपली असलेली. ती म्हणाली, "बाई, आधी फक्त पायांनी जमीन ढकलायची. तोल आला की पायडल लावू." पुढे कधीतरी वाचताना मला कळलं की जगातली पहिली दुचाकी अशीच होती. १८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस यांनी लाकडाची दोन चाकं एकामागे एक जोडून जो वाहनप्रकार केला, त्याला पायडल नव्हतंच. बसणारा पायांनी जमीन रेटत जायचा. पुढच्या चाकाला पायडल लागायला त्यानंतर पंचेचाळीसएक वर्षं गेली. माणसाला आधी तोल सापडला आणि गती मागून आली, हे वाचून मला फार धीर आला.

पण मी या सायकलपर्यंत आले कशी, ते सांगायला हवं.

मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा गोदावरीपलीकडे, जुन्या नाशकात, घरापासून चार किलोमीटर. १९९९ पासून रोज सकाळी मी ह्यांच्या गाडीवर मागे बसून शाळेत जात आले. आधी स्कूटर होती, मग मोटारसायकल, मग ॲक्टिव्हा. निमाणी, पंचवटी कारंजा, होळकर पूल. पुलावर आलं की थंडीत नदीवरून वारा यायचा आणि मी ह्यांच्या पाठीआड डोकं लपवायची. पावसाळ्यात पूर आला की सगळं नाशिक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं ते विचारतं. मी ते ह्यांच्या खांद्यावरून बघितलेलं आहे. चोवीस वर्षं मी हे शहर एका खांद्यावरून बघितलं.

ऑक्टोबरात ह्यांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने तरी गाडी नाही. आता यात अडचण काही मोठी नव्हती. शेअर रिक्षा आहे, सिटीलिंकची बस आहे, मी तशी जायलाही लागले. पण दुसऱ्याच आठवड्यात एका रात्री ह्यांना एकदम ताप भरला. औषध आणायचं होतं, रात्रीचे साडेअकरा झाले होते, गल्लीत रिक्षा नाही. खाली ॲक्टिव्हा उभी, किल्ली माझ्या हातात, आणि मी जिन्यात उभी. शेवटी शेजारच्यांना उठवलं. ते आनंदानं गेले, काही बिघडलं नाही. पण ती किल्ली मुठीत धरून जिन्यात उभं राहणं माझ्या मनातून जाईना.

गाडी शिकवणाऱ्या एका बाईंकडे चौकशी केली. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सायकल येते?" मी नाही म्हटलं. "मग आधी सायकल शिका, ताई. तोल ज्याला येतो त्याला गाडी आठवड्यात येते."

सायकल मला यायला हवी होती. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावात तासाला पन्नास पैसे भाड्यानं छोटी सायकल मिळायची. १९८१ ची गोष्ट. मी दहा वर्षांची, भाऊ बारा. त्याला नळीखालून पाय घालून चालवता यायची, पुढे सीटवर बसूनही यायला लागली. मी हट्ट धरला म्हणून त्यानं मला बसवलं आणि मागून कॅरिअर धरून पळायला लागला. "धरलंय मी, मागं बघू नको," असं तो ओरडत होता. त्याचा आवाज हळूहळू लांबून यायला लागला तेव्हा मी मागं बघितलं. तो बराच मागे, कमरेवर हात ठेवून उभा होता. त्या क्षणी सायकल चारीत गेली. हनुवटीला चार टाके पडले. त्याला चांगलाच मार बसला. आजी माझ्याजवळ बसून म्हणाली, "पोरीच्या जातीनं तोंड जपावं बाई."

एवढंच. त्यानंतर मला सायकलची बंदी कुणी केली नाही. मीच पुन्हा मागितली नाही. हे मी आता मुद्दाम लिहिते आहे, कारण कितीतरी वर्षं मी लोकांना "आमच्या वेळी मुलींना सायकल शिकू देत नसत" असं सांगत आले. ते काही घरांत खरं होतं. आमच्या घरात खरं नव्हतं. माझ्या धाकट्या चुलत बहिणी त्याच गावात सायकलवर हायस्कूलला गेल्या.

पुण्याला असलेल्या मुलाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "आई, तू तुझा कम्फर्ट झोन सोडत नाहीस, बस." हा शब्द आता आमच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणातही फार येतो. फळ्यावर एक वर्तुळ काढतात, त्याच्या बाहेर दुसरं वर्तुळ काढतात आणि बाहेरच्या वर्तुळात 'प्रगती' असं लिहितात. मी ते चित्र कित्येकदा वहीत उतरवून घेतलं आहे. त्या वर्तुळात आपण एकटेच असतो, असं त्या चित्रावरून वाटतं. माझ्या वर्तुळात कोण कोण होतं, हे मला त्याच महिन्यात कळलं.

ह्यांना भेटायला सातपूरच्या कंपनीतले जुने सहकारी आले होते. चहा घेताना बोलता बोलता त्यांच्यातले एक म्हणाले, "वहिनी, ह्यांनी दुसरी पाळी अकरा वर्षं सोडली नाही बघा. जनरलला या म्हणून साहेब किती वेळा मागे लागले. हे म्हणायचे, सकाळी घरच्यांना शाळेत सोडायचं असतं." मी स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी होते. दुपारी तीन ते रात्री अकरा. मुलगा लहान असताना संध्याकाळी बाबा घरी नसायचे. त्याच्या शाळेचं स्नेहसंमेलन, त्याचा सातवीतला तबला, सगळं मी एकटीनं बघितलं आणि मनात धरूनही ठेवलं. कंपनीची पाळीच तशी आहे, असं मी समजत होते. ह्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "अहो, खरं का हे?" ते म्हणाले, "मग काय, रिक्षात लोंबकळत जायचीस?" आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

त्या रात्री मला झोप आली नाही. माझी जी ऊब होती तिच्यासाठी कुणाच्या तरी अकरा वर्षांच्या संध्याकाळी गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीकडे जाऊन सायकल मागितली.

शिकायला जागा तपोवनातली. नाशिकचे नसलेल्यांसाठी सांगते: बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो तेव्हा साधूंचे आखाडे तपोवनाच्या ज्या मोकळ्या जमिनीवर उतरतात, त्याला साधुग्राम म्हणतात. २०१५ च्या सिंहस्थात तिथे तंबूंचं गाव वसलं होतं. एरवी बरीचशी जागा मोकळी असते. रुंद रस्ते, दोन्हीकडे झाडं, पहाटे फिरायला येणारे चारदोन लोक आणि कुत्री. साडेपाचला आम्ही घर सोडायचो. ती मुलगी सायकल चालवत यायची आणि मी मागून चालत. मोठ्या माणसांना मोठ्या माणसांसमोर पडायची भीती असते. तिथे अंधारच इतका असायचा की ती भीती आपोआप निम्मी झाली.

पहिले पाच दिवस मी फक्त पायांनी जमीन ढकलली. सीटवर बसायचं, दोन्ही तळवे टेकलेले, एक रेटा द्यायचा आणि पाय क्षणभर उचलायचे. एक हात अंतर. मग दोन हात. मग रस्त्याकडेच्या एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत. सहाव्या दिवशी लक्षात आलं की माझी चूक एकच आहे आणि ती मी दर वेळी करते. सायकल डावीकडे झुकली की मी घाबरून हँडल उजवीकडे ओढायची. ती मुलगी म्हणाली, "बाई, ज्या बाजूला पडताय त्याच बाजूला वळवा." माझा विश्वास बसेना. पडणाऱ्या बाजूला कोण जाईल? मग तिनं स्वतः चालवून दाखवलं. बघत राहिलं तर दिसतं: चालवणाऱ्याचं हँडल कधीच स्थिर नसतं. अंग डावीकडे गेलं की चाकं डावीकडे येतात आणि अंगाखाली जाऊन उभी राहतात. अंगाचा भार पुन्हा चाकांवर येतो. आपल्याला सरळ रेघ वाटते ती अशा शेकडो छोट्या छोट्या पडण्या-सावरण्यानं बनलेली असते. मुलाला हे सांगितलं तेव्हा तो उत्साहात आला. त्यानं सांगितलं की सायकल आपली आपण का सावरते यावर शंभर वर्षांहून जास्त काळ गणितं मांडली गेली, आणि फिरणाऱ्या चाकांमुळे किंवा पुढच्या चाकाच्या ठेवणीमुळे ती सावरते असं मानलं जायचं. २०११ साली काही शास्त्रज्ञांनी या दोन्ही गोष्टींचा परिणाम काढून टाकलेली एक सायकल बनवली, आणि ढकलून दिल्यावर तीही स्वतःला सावरत गेली. ज्या बाजूला ती झुकायची त्या बाजूला तिचं हँडल आपोआप वळायचं.

डोक्यानं हे पटल्यावरही हातांना पटायला आणखी चार दिवस गेले. उजव्या कोपराचं साल निघालं, एकदा गुडघा सोलवटला. घरी ह्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवली होती, त्यातलाच बर्फ मला दिला.

त्यांचंही शिकणं चालू होतं. फिजिओथेरपीवाले यायचे आणि गुडघा किती अंशात वाकतो ते कोनमापकासारख्या पट्टीनं मोजायचे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आम्ही दोघांचे आकडे लिहायला लागलो. त्याच चौकोनात, वर एकादशी, खाली त्यांचे अंश आणि माझी पावलं. '७२ / १५'. सत्तेचाळिसाव्या दिवशी त्यांचा गुडघा नव्वद अंशांच्या पुढे गेला तेव्हा आम्ही शिरा केला होता. ते कालनिर्णय मी अजून टाकलेलं नाही.

मग पायडलं लावली, आणि खरी भीती तेव्हा आली. पायडलवर पाय ठेवायचे म्हणजे जमीन सोडायची. पहिल्या सकाळी मी सीटवर बसले, ती मुलगी मागून कॅरिअर धरून उभी राहिली, आणि माझे हात थरथरायला लागले. बेचाळीस वर्षांपूर्वीचा तो लांबून येणारा आवाज माझ्या कानात होता. मी उतरले. तिला चारीची, टाक्यांची सगळी हकिकत सांगितली. ती सोळा वर्षांची मुलगी क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "बाई, मी सोडणार तेव्हा सांगूनच सोडेन. तुम्ही हो म्हणाल तेव्हाच."

माझ्या आयुष्यात मला कुणी काही शिकवलं त्यातलं सगळ्यात मोलाचं हे वाक्य.

सायकल शिकवायची आपल्याकडची सगळ्यांची पद्धत एकच. धरलंय म्हणायचं आणि गुपचूप सोडून द्यायचं. पुष्कळांना असंच येतं, मग ते हसत हसत सांगतात, कळलंच नाही कधी सोडलं ते. ज्यांना असं आलं नाही, त्यांच्याकडे सांगायला अशी गोष्ट नसते, म्हणून त्यांचं कुणी ऐकत नाही. मी घरी येऊन विचार करत बसले, आणि मला चौथीतला एक मुलगा आठवला. बारा-तेरा वर्षांपूर्वीचा. पंधरा ऑगस्टच्या भाषणासाठी मी त्याला उभं केलं होतं. घरून पाठ करून आला होता, वर्गात छान म्हणायचा. मला म्हणाला, "बाई, तुम्ही स्टेजच्या बाजूला उभ्या राहाल ना?" मी हो म्हणाले. आयत्या वेळी पाहुण्यांना आणायला मला फाटकाशी जावं लागलं. तो तिसऱ्या वाक्याला अडला, बाजूला बघितलं, मी नव्हते. पुन्हा त्यानं शाळेत कधीही माईक हातात घेतला नाही. मी तेव्हा इतर शिक्षकांना म्हणाले होते, मुलगा जरा भित्राच आहे.

डी.एड.च्या अभ्यासात आम्हाला व्यगॉट्स्की होता. १८९६ साली जन्मलेला आणि अवघ्या सदतिसाव्या वर्षी, १९३४ मध्ये गेलेला हा रशियन मानसशास्त्रज्ञ म्हणतो की मूल एकट्यानं जे करू शकतं आणि कुणा जाणत्याच्या मदतीनं जे करू शकतं, त्या दोहोंमधल्या पट्ट्यात शिकणं घडतं. आज मदतीनं केलेलं मूल उद्या एकट्यानं करतं. परीक्षेत दहा मार्कांना हा प्रश्न असायचा आणि मी तो चांगला लिहायचे. कॅरिअरला धरलेला एक हात म्हणजे हा पट्टा, हे मात्र तपोवनात कळलं. त्याच पुस्तकात १९०८ साली अमेरिकेत यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांवर केलेला प्रयोगही होता. चुकीच्या डब्यात शिरलं की उंदराला विजेचा झटका बसायचा. ओळखायचं काम सोपं असेल तर जोरदार झटक्यानंही उंदीर लवकर शिकायचे. काम अवघड केलं की झटका मध्यम लागायचा, जोराचा झटका शिकणं लांबवायचा. 'भीती वाटते ना, मग तेच कर' असं सांगणारे लोक मला आता आवडत नाहीत ते यामुळे. भीती कितीची आहे हे विचारल्याशिवाय कुणालाही ढकलू नये. शेवटी तो प्रयोग उंदरांवरचा आहे आणि मी माणसांची शिक्षिका आहे, तरी झटक्यांचा माझा अनुभव त्याच्याशी जुळतो.

ती मुलगी तिच्या शब्दाला जागली. पहिल्या दिवशी पूर्ण पंजानं धरलं. नंतर म्हणाली, "बाई, आता दोन बोटं." मग, "एक बोट." दर वेळी मी हो म्हणायचे, किंवा नाही म्हणायचे, आणि मी नाही म्हटलं की ती खरंच तसंच धरून पळायची. थंडीत तिला धाप लागायची ते मला मागून ऐकू यायचं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, अजून पुरतं उजाडलं नव्हतं, ती म्हणाली, "बाई, सोडू?" मी म्हटलं, "सोड." तिनं सांगितलं, "सोडलं." पुढचा कडुनिंब येईपर्यंत मी गेले, त्याच्याही पुढे गेले. मागे बघावंसं वाटलं नाही. ती कुठे आहे हे मला माहीत होतं. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं आणि नुसत्या वाऱ्यानं येत नव्हतं. ब्रेक लावायचं विसरले, पाय टेकून घासत थांबले, चपलेचा अंगठा तुटला. अनवाणी घरी आले. कालनिर्णयवर त्या दिवशी आकडा लिहिला नाही, ह्यांनीच पेनानं एक सायकल काढली.

रस्त्यावर यायला पुढे दोन महिने लागले. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. रविवारी सकाळी लवकर रस्ता पाठ केला, मग फेब्रुवारीत एका सोमवारी निघाले. निमाणीशी बसच्या मागे उतरून उभी राहिले, कारंज्याला उतरून ढकलत गेले, होळकर पुलावर मात्र चालवत गेले. पुलावर पहिल्यांदाच नदी मला पुढे खांदा न येता दिसली. भीती गेली नाही, अजूनही नाही. मागून ट्रकचा हॉर्न आला की पोटात गोळा येतो आणि मी कडेला घेते. शाळेत मुलांनी फाटकातच गराडा घातला. दोघा-तिघांनी घंटी वाजवून बघितली.

आमचं शहर सायकलवाल्यांचं म्हणून आता ओळखलं जातं. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघात 'रेस ॲक्रॉस अमेरिका' पूर्ण केली; अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर. नाशिकहून पंढरपूरला सायकल वारी निघते, तीत माझ्या ओळखीचे कितीतरी जण जातात. त्यामुळे मी सायकल शिकले म्हटल्यावर जो तो विचारायला लागला, "मग आता वारीला येणार ना?" मला त्या सगळ्यांचं मनापासून कौतुक आहे. पण माझा रस्ता चार किलोमीटरचाच आहे, आणि तो मला पुरतो. एक उंबरठा ओलांडला की लगेच पुढचा, त्याहून उंच, असं मला वाटत नाही. काही उंबरठे ओलांडून माणसानं तिथे नुसतं बसावं, श्वास घ्यावा.

आणखी एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेच्या निवडणुकीची ड्यूटी मला पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर लागली. १९ तारखेला संध्याकाळी यंत्रं घेऊन आम्ही शाळेत पोहोचलो. रात्रीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं घेऊन एक बाई आल्या, बरोबर त्यांची मुलगी, सायकल हातात धरलेली. दहावीत होती. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळतात, त्यातली ती सायकल. पाच किलोमीटरवर हायस्कूल. उताराला बसून जायचं, चढाला ढकलत यायचं. मी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं, "शिकताना भीती वाटली का गं?" तिला माझा प्रश्नच कळेना. "कशाची?" मी म्हटलं, "पडायची, रस्त्याची." ती म्हणाली, "भीती चालत जायचे तेव्हा वाटायची बाई. पावसाळ्यात घरी येईस्तोवर अंधार पडायचा. सायकल आल्यापासून नाही वाटत."

रात्री शाळेच्या फरशीवर सतरंजी टाकून पडले होते तेव्हा ते दोन वर्तुळांचं चित्र आठवलं. तिला आतलं वर्तुळ होतंच कुठे? मला जे सोडायचं होतं ते तिला पहिल्यांदाच मिळत होतं, आणि तेही एका सायकलीच्या रूपानं. प्रशिक्षणात ते चित्र काढणाऱ्यांना मी पुढच्या वेळी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

गेल्या फेब्रुवारीत मी निफाडला भावाकडे गेले. द्राक्षं उतरायचे दिवस, बागेत माणसं कात्र्या घेऊन घड काढत होती, कॅरेटं बांधावर लागलेली. भाऊ आता पंचावन्नचा, टाचेच्या दुखण्यानं थोडा लंगडत चालतो. मी सायकल शिकले हे त्याला फोनवर कळलं होतं, तेव्हा तो "बरं केलंस" एवढंच म्हणाला होता आणि विषय बदलला होता. त्या दिवशी दुपारी त्यानं शेडमधून वडिलांची जुनी ॲटलस बाहेर काढली. हवा भरून ठेवलेली होती, साखळीला तेल दिलेलं होतं. म्हणजे आदल्या दिवशीच काढून ठेवली असणार.

"ही उंच आहे तुला," तो म्हणाला.

मी साडीचा पदर खोचला, बांधाच्या दगडावर पाय ठेवून चढले. पहिलं पायडल मारलं आणि सायकल जरा डगमगली. तशी मागून त्याची पावलं वाजायला लागली. तो पळत होता, दुखऱ्या टाचेनं, कॅरिअर धरून. मला धरायची काही गरज नव्हती, आणि ते त्यालाही माहीत होतं. दोन ओळींमधल्या मातीच्या वाटेनं आम्ही विहिरीच्या दिशेनं निघालो. घड काढणाऱ्या बाया उभ्या राहून बघत होत्या.

अर्ध्या वाटेवर त्याचा आवाज आला, धापा टाकत, अगदी जवळून.

"सोडू का गं?"

"थांब," मी म्हटलं, "विहिरीपर्यंत धर."